हाड भरून आणायचं तर आधी रक्त पोहोचवा: मूलपेशी आणि रक्तवाहिनीच्या पेशी एकत्र वापरण्याची सविस्तर पद्धत

त्वचेला जखम झाली की व्रण राहतो. हाड मात्र मोडलं, नीट बसवलं आणि स्थिर राहिलं, तर काही महिन्यांनी एक्स-रेमध्ये मोडलेली जागा शोधावी लागते. शरीरातल्या फार थोड्या ऊती इतक्या उदार असतात. पण या उदारपणाला मर्यादा आहे. अपघातात हाडाचा तुकडाच उडून गेला, किंवा गाठ काढताना, जंतुसंसर्ग साफ करताना काही सेंटीमीटर हाड कापून टाकावं लागलं, तर दोन्ही टोकं आपापल्या जागी थांबतात आणि मधली जागा तंतुमय ऊतीने भरते. तिथे कितीही वाट पाहिली तरी हाड येत नाही.

अशा जागी मूलपेशी (स्टेम सेल) टाकायच्या ही कल्पना सुचायला सोपी आहे. पेशी कमी पडल्यात, तर पेशी द्या. मीही याच समजुतीने सुरुवात केली होती. सच्छिद्र सिरॅमिकवर अस्थिमज्जेच्या मूलपेशी पेरल्या, उंदराच्या हाडात बसवल्या आणि आठ आठवड्यांनी काप काढला. कडेने सुंदर हाड आलेलं होतं. मध्यभागी मात्र रिकामी छिद्रं आणि मेलेल्या पेशींचा चोथा होता. पेशी द्यायला मी चुकलो नव्हतो, त्यांना जगवायला चुकलो होतो. तेव्हापासून माझ्या कामाचा क्रम उलटा झाला. आधी रक्त कसं पोहोचेल ते ठरवायचं, हाडाचा विचार त्यानंतर.

हा लेख प्रयोगशाळेत हे काम हाती घेणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आणि तरुण शल्यविशारदांसाठी आहे. रुग्णांना उपयोगी पडेल असा भाग शेवटाकडे आहे.

हिशेब अंतराचा आहे

पेशीला प्राणवायू आणि अन्न रक्तवाहिनीतून पाझरून मिळतं, आणि हे पाझरणं साधारण १०० ते २०० मायक्रॉनपर्यंतच पुरतं. म्हणजे केसाच्या एक-दोन जाडीइतकं अंतर. त्यापलीकडची पेशी उपाशी राहते. आजूबाजूच्या ऊतीतून नव्या केशवाहिन्या आत शिरतात, पण दिवसाला एक मिलिमीटरपेक्षाही कमी वेगाने. ८ मिलिमीटरची पोकळी असेल तर कडेपासून मध्य ४ मिलिमीटरवर आहे, म्हणजे कडेने येणारं रक्त मध्यावर पोहोचायला चार दिवसांहून जास्त. माणसाच्या नडगीत ४ सेंटीमीटर हाड गेलं असेल तर मध्य २ सेंटीमीटरवर, म्हणजे तीन आठवडे तरी धरा. तेवढे दिवस मधल्या पेशींनी कशावर जगायचं?

इथे एक बारकावा कामाचा आहे. मूलपेशी प्राणवायूविना बराच तग धरतात. पण ग्लुकोज संपलं की मरतात. त्यामुळे 'जास्त पेशी म्हणजे जास्त हाड' हे गणित चुकतं. दाटीवाटीने पेशी भरल्या तर त्या आतलं ग्लुकोज लवकर संपवतात आणि सगळ्याच मरतात.

रक्तवाहिनीचं आतलं अस्तर असलेल्या एंडोथेलियल पेशी सोबत दिल्या तर त्या स्कॅफोल्डच्या, म्हणजे पेशी पेरलेल्या सच्छिद्र सांगाड्याच्या, आतच नळ्यांचं जाळं विणायला लागतात. बाहेरून येणाऱ्या केशवाहिन्यांना मग संपूर्ण रस्ता खोदावा लागत नाही. आतून तयार असलेल्या नळीशी जोड झाला की रक्त आत येतं. शिवाय एंडोथेलियल पेशींचं काम नुसत्या नळाचं नाही. त्या बीएमपी-२ सारखी, हाड घडवायला सांगणारी प्रथिनं सोडतात. उलट बाजूने हाड घडवणाऱ्या पेशी व्हीईजीएफ सोडून रक्तवाहिन्यांना बोलावतात. २०१४ मध्ये उंदरांच्या हाडात 'टाइप एच' नावाच्या खास केशवाहिन्या ओळखल्या गेल्या. हाड घडवणाऱ्या पेशींच्या पूर्वजपेशी त्यांच्याच भोवती गोळा झालेल्या दिसतात, आणि वय वाढलं की या वाहिन्या कमी होत जातात.

शल्यविशारदांना हे फार आधीपासून ठाऊक आहे. १९७५ मध्ये टेलर आणि सहकाऱ्यांनी पायातलं फिब्युला हाड त्याच्या रक्तवाहिनीसकट उचलून दुसऱ्या जागी बसवलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली ती वाहिनी जोडली. मोठ्या तुटींसाठी हे कलम आजही वापरतात, कारण ते पहिल्या दिवसापासून जिवंत असतं. आपण प्रयोगशाळेत जे करू पाहतोय, ते याच तत्त्वाचं दुसरं रूप आहे.

पेशींना हात लावण्याआधी ठरवायच्या गोष्टी

तूट 'क्रिटिकल साइझ'ची हवी, म्हणजे प्राण्याच्या आयुष्यात आपोआप न भरणारी. उंदीर जातीतल्या मोठ्या प्राण्यात, म्हणजे रॅटमध्ये, कवटीतली ८ मिलिमीटरची गोल पोकळी हे रूढ प्रमाण आहे. मांडीच्या हाडात ५ ते ६ मिलिमीटरचा खंड घेतात. कवटीत दोन्ही बाजूंना ५-५ मिलिमीटरच्या पोकळ्याही करतात. मध्यरेषेखालची मोठी शीर त्यामुळे वाचते. पण शेजारच्या पोकळीतून व्हीईजीएफसारखे संदेश झिरपू शकतात, म्हणून एका बाजूला पेशी आणि दुसऱ्या बाजूला कंट्रोल (तुलनेसाठी बिनपेशींची पोकळी) ही मांडणी मला पटत नाही. आकडेवारीत ती सोयीची दिसते आणि उत्तरात घोळ घालते.

कवटीवर भार पडत नाही, पट्टी-स्क्रू लागत नाहीत, म्हणून सुरुवात तिथे करा. मात्र मेंदूवरचं ड्युराचं आवरण स्वतः रक्त आणि पेशी पुरवतं, हे ध्यानात ठेवा. कवटीत यश मिळालं म्हणजे पायाच्या हाडात मिळेलच असं नाही.

माणसाच्या पेशी वापरणार असाल तर प्रतिकारशक्ती नसलेला प्राणी लागेल, आणि अशा प्राण्यात हाड भरण्याची प्रक्रियाही थोडी वेगळी चालते. रॅटच्याच पेशी वापरायच्या तर लुईस किंवा फिशर ३४४ सारख्या शुद्ध वंशातले दाते आणि ग्राहक घ्या. नैतिक समितीची परवानगी, दात्याची लेखी संमती आणि प्राण्यांची संख्या हे सगळं कागदावर पक्कं झाल्याशिवाय पिपेट उचलू नका.

मूलपेशी मिळवणं आणि वाढवणं

माणसाची अस्थिमज्जा कंबरेच्या हाडाच्या कडेतून ओढतात. इथे सर्वांत मोठी चूक होते ती लोभाने. एकाच जागेतून २० मिलिलीटर ओढलं की सिरिंज भरते खरी, पण पहिल्या एक-दोन मिलिलीटरनंतर येतं ते बहुतेक रक्त. एका जागेतून सुमारे २ मिलिलीटर घ्या, सुई सरकवा, पुन्हा २ मिलिलीटर घ्या. मज्जेतल्या केंद्रक असलेल्या पेशींपैकी मूलपेशी जेमतेम ०.००१ ते ०.०१ टक्के असतात. त्यात रक्ताची भेसळ परवडत नाही.

हेपरिन घातलेली मज्जा तेवढ्याच बफरमध्ये पातळ करा, १.०७७ घनतेच्या फिकॉलवर (पेशी घनतेनुसार वेगळ्या करणारं द्रावण) अलगद सोडा आणि ४०० जीवर (गुरुत्वाच्या ४०० पट जोराने) ३० मिनिटं फिरवा. सेंट्रीफ्यूजचा ब्रेक बंद ठेवा, नाहीतर थर ढवळून जातात. मधला धुरकट पांढरा थर उचला, दोनदा धुवा, आणि फ्लास्कमध्ये दर चौरस सेंटीमीटरला साधारण दोन लाख पेशी सोडा. १० टक्के सीरम घातलेलं अल्फा-एमईएम मीडियम (पेशींचं पोषक द्रावण), ३७ अंश सेल्सियस, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड. पहिले दोन-तीन दिवस फ्लास्क हलवू नका. मग न चिकटलेल्या पेशी धुऊन काढा. सात ते दहा दिवसांत तुरळक, निमुळत्या पेशींच्या वसाहती दिसतात. भिंगाखाली त्या मासोळ्यांच्या थव्यासारख्या एका दिशेने वळलेल्या दिसतात.

फ्लास्क ८० टक्के भरला की ट्रिप्सिनने सोडवा आणि दर चौरस सेंटीमीटरला ३ ते ५ हजार या विरळपणाने पुन्हा लावा. दाट लावल्या तर पेशी आळसावतात. दुसऱ्या ते चौथ्या पॅसेजमधल्याच पेशी वापरा (पॅसेज म्हणजे पेशी सोडवून पुन्हा लावण्याची एक फेरी). सहाव्या-सातव्या पॅसेजला त्या पसरट, मोठ्या आणि मंद होतात. मग कितीही औषधं घातली तरी खनिज नीट बसत नाही. दुसऱ्या पॅसेजला बऱ्याच नळ्या गोठवून ठेवा म्हणजे सगळे प्रयोग एकाच साठ्यातून होतील. सीरमही एकाच लॉटचं घ्या, आणि विकत घेण्यापूर्वी दोन-तीन लॉट वसाहती मोजून तपासा.

ओळख पटवण्यासाठी २००६ चे आंतरराष्ट्रीय निकष आहेत: प्लॅस्टिकला चिकटणं, सीडी-७३, सीडी-९० आणि सीडी-१०५ या पेशीच्या पृष्ठभागावरच्या खुणा ९५ टक्के किंवा जास्त पेशींवर असणं, सीडी-४५, सीडी-३४ वगैरे रक्तपेशींच्या खुणा २ टक्क्यांपेक्षा जास्त नसणं, आणि हाड, चरबी, कूर्चा या तिन्ही दिशांना वळता येणं. हे निकष माणसाच्या पेशींसाठी आहेत. रॅटच्या पेशींसाठी सीडी-२९, सीडी-४४, सीडी-९० असणं आणि सीडी-४५, सीडी-११बी नसणं बघतात.

रक्तवाहिनीच्या पेशी: इथे फसगत फार होते

सर्वांत सोपा स्रोत म्हणजे बाळंतपणानंतरची नाळ. तिच्यातली शीर धुवायची, कोलॅजिनेज भरून ३७ अंशांना दहा-पंधरा मिनिटं ठेवायची, आणि सुटलेल्या पेशी जिलेटिनचा थर दिलेल्या फ्लास्कमध्ये लावायच्या. १९७३ पासून ही पद्धत रुळलेली आहे. शिकायला आणि प्रमाण ठरवायला या पेशी उत्तम. पण प्रौढ रुग्णाला त्याची स्वतःची नाळ कुठून मिळणार? त्यामुळे पुढचा विचार करणाऱ्याने रक्तातून पेशी काढायला शिकावं.

१९९७ मध्ये असाहारा आणि सहकाऱ्यांनी प्रौढांच्या रक्तात एंडोथेलियल पूर्वजपेशी असल्याचं मांडलं आणि सगळे त्यांच्या मागे लागले. घोळ असा झाला की रक्तातल्या पांढऱ्या पेशी कल्चरला, म्हणजे प्रयोगशाळेत वाढायला, लावल्या की चार ते सात दिवसांत ज्या निमुळत्या पेशी दिसतात, त्यांनाच पूर्वजपेशी म्हटलं गेलं. त्या मोनोसाइट वंशाच्या असतात. त्या रक्तवाहिन्या वाढायला मदत करणारे संदेश सोडतात, पण स्वतः नळीचं अस्तर बनत नाहीत. खऱ्या वाहिनी विणणाऱ्या वसाहती उशिरा येतात: नाळेच्या रक्तातून साधारण एक ते दोन आठवड्यांत, प्रौढाच्या रक्तातून दोन-तीन आठवड्यांनी किंवा त्याहून उशिरा. कोलॅजनचा थर दिलेल्या प्लेटवर एंडोथेलियल मीडियम घाला, पहिला आठवडा रोज हलक्या हाताने बदला आणि धीर धरा. खरी वसाहत ओळखायला सोपी असते. फरसबंदीचे दगड एकमेकांना भिडवून बसवावेत तशा घट्ट, बहुकोनी पेशी, मध्यावरून चहूकडे पसरत जाणाऱ्या.

तपासणीत सीडी-३१, व्हीई-कॅडहेरिन आणि व्हॉन विलेब्रँड फॅक्टर हवेत. सीडी-४५ आणि सीडी-१४ नकोत. अॅसिटिलेटेड एलडीएल पेशीत शिरलं एवढ्यावर समाधान मानू नका, ते मॅक्रोफेज या भक्षक पेशीही गिळतात. मॅट्रिजेलवर (पेशींना आधार देणाऱ्या प्रथिनांचं जेल) काही तासांत जाळं विणणं ही चांगली परीक्षा आहे. वय झालेल्या आणि मधुमेह असलेल्या दात्यांकडून या वसाहती कमी मिळतात, त्यामुळे ज्याला सर्वांत गरज त्याच्याकडेच पेशी तोकड्या, ही खरी अडचण आहे. चरबीच्या ऊतीतून दोन्ही प्रकारच्या पेशी एकदम मिळतात, म्हणून तिकडेही लक्ष ठेवा.

दोन्ही साठ्यांची मायकोप्लाझ्मा तपासणी करा. गोठवण्यापूर्वी एकदा, वितळवल्यावर एकदा. हा जंतू भिंगाखाली दिसत नाही, मीडियम गढूळ करत नाही, आणि महिन्यांचं काम नासवतो.

दोघांना एका ताटात जेवायला बसवणं

दोन्ही पेशींची आवड वेगळी आहे. एंडोथेलियल पेशींना वाढघटकांनी भरलेलं मीडियम लागतं. मूलपेशींना हाडाकडे वळवायला डेक्सामेथासोन १० ते १०० नॅनोमोलर, अॅस्कॉर्बेट-२-फॉस्फेट ५० मायक्रोग्राम प्रति मिलिलीटर आणि बीटा-ग्लिसरोफॉस्फेट १० मिलिमोलर घालतात. अडचण अशी की डेक्सामेथासोन रक्तवाहिन्यांचं जाळं विणणं दाबतं. मी पहिले तीन-चार दिवस फक्त एंडोथेलियल मीडियम देतो, जाळं दिसायला लागलं की अर्धं-अर्धं मिश्रण, आणि त्यातही डेक्सामेथासोन १० नॅनोमोलरच. बीटा-ग्लिसरोफॉस्फेट १० मिलिमोलरच्या वर नेऊ नका. जास्त झालं की पेशींनी न घडवलेलं खनिजही खाली बसतं आणि आपण उगाच खूश होतो.

प्रमाण १:१ पासून सुरू करा. मग एकूण पेशी तेवढ्याच ठेवून ३:१ आणि १:३ करून बघा. स्कॅफोल्ड नंतर, आधी साध्या प्लेटवर. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सीडी-३१ ने रंगवलं की एंडोथेलियल पेशींच्या दोऱ्या दिसतात, आणि मूलपेशी त्यांना बाहेरून बिलगलेल्या. हे बिलगणंच महत्त्वाचं आहे. एकट्या एंडोथेलियल पेशी मॅट्रिजेलवर जाळं विणतात, पण ते एक-दोन दिवसांत कोसळतं. मूलपेशी भोवती बसल्या की नळ्या टिकतात. दोघांना जाळीच्या पडद्याने वेगळं ठेवलं आणि फक्त मीडियम सामायिक ठेवलं तर परिणाम बराच उतरतो. म्हणजे संदेश पुरेसे नाहीत, स्पर्श लागतो. शेजारच्या पेशींना जोडणारी कनेक्सिन-४३ ची दारं त्यात भाग घेतात.

अल्कलाइन फॉस्फेटेज (पेशी हाडाकडे वळू लागल्याची खूण असलेलं एन्झाइम) सातव्या ते चौदाव्या दिवसात मोजा, खनिज एकविसाव्या दिवसाच्या आसपास अलिझरीन रेड या रंगाने.

अलिझरीनबद्दल एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. पहिल्यांदा मी ट्रायकॅल्शियम फॉस्फेटची चकती पेशींसकट रंगवली तेव्हा ती गर्द लाल झाली. फोटो काढले, वहीत मोठ्या अक्षरांत लिहिलं. दुसऱ्या दिवशी एका सहकाऱ्याने बिनपेशींची कोरी चकती त्याच रंगात बुडवली. तीही तितकीच लाल झाली. अलिझरीन कॅल्शियमला धरतं, आणि चकती मुळातच कॅल्शियमची. तेव्हापासून प्रत्येक रंगासोबत कोरी चकती ठेवल्याशिवाय मी प्लेट उघडत नाही. सिरॅमिकवर हाडाचा पुरावा हवा असेल तर ऑस्टिओकॅल्सिनसारखी प्रथिनं आणि जनुकांची मोजणी यांवर भर द्या.

स्कॅफोल्ड आणि पेरणी

बीटा-ट्रायकॅल्शियम फॉस्फेट हे सुरुवातीला समजूतदार साहित्य आहे: हाड त्याला धरतं आणि शरीर ते हळूहळू विरघळवतं. छिद्रं ३०० मायक्रॉन किंवा मोठी हवीत, आणि एकमेकांत उघडणारी. बंद खोल्यांची चाळ असेल तर रक्त पुढे जाणारच नाही. विक्रेत्याच्या पत्रकावर सच्छिद्रतेचा टक्का लिहिलेला असतो, छिद्रांमधल्या खिडक्यांचं माप बरेचदा नसतं. तेच विचारा.

आता आकडेमोड करू. ८ मिलिमीटर व्यासाची, १ मिलिमीटर जाडीची चकती घेतली तर तिचं घनफळ सुमारे ५० घन मिलिमीटर, म्हणजे ५० मायक्रोलीटर. सच्छिद्रता ७० टक्के असेल तर रिकामी जागा ३५ मायक्रोलीटर. पेशींचं द्रावण बरोबर तेवढंच घ्यायचं. १०० मायक्रोलीटर ओतलं तर निम्म्याहून जास्त पेशी खाली प्लेटवर जाऊन चिकटतात.

चकत्या आदल्या रात्री मीडियममध्ये भिजत ठेवा. नवं सिरॅमिक मीडियममधल्या आयनांची आणि आम्लतेची घडी विस्कटतं. सकाळी ते मीडियम टाका आणि निर्जंतुक कागदाच्या टोकाने चकती टिपून घ्या. दोन्ही पेशी ट्रिप्सिनने सोडवा, ट्रिपॅन ब्लूने मोजा. ९० टक्क्यांहून कमी जिवंत असतील तर तो दिवस सोडून द्या. प्रत्येकी पाच लाख पेशी एकत्र करा, ३०० जीवर पाच मिनिटं फिरवा, आणि गोळी ३५ मायक्रोलीटरमध्ये हलक्या हाताने मोकळी करा.

मी ही गोळी फायब्रिनोजेनमध्ये मोकळी करतो, ५ ते १० मिलिग्राम प्रति मिलिलीटर इतक्या पातळ. शस्त्रक्रियेत वापरायचा तयार फायब्रिन गोंद याच्या कितीतरी पट दाट असतो. त्यात पेशी अडकून पडतात, हातपाय पसरू शकत नाहीत. थ्रॉम्बिन कमी ठेवा म्हणजे छिद्रांत शिरायला वेळ मिळतो. पिपेटचं टोक चकतीला जेमतेम टेकवा, थेंब सोडा, तो शोषला जाताना बघा, मग पुढचा थेंब. जेल जमलं की मीडियम कडेने घाला. पेशी स्वतःच हे फायब्रिन खाऊन टाकतात, म्हणून ते टिकवायला मीडियममध्ये अॅप्रोटिनिन घालावं लागतं.

खाली प्लेटवर किती पेशी गळल्या ते मोजून ठेवा. मग सात दिवस इन्क्युबेटरमध्ये. तिसऱ्या आणि सातव्या दिवशी एकेक चकती मधोमध कापून जिवंत-मृत रंग द्या: जिवंत पेशी हिरव्या, मेलेल्या लाल. वरून बघितलेली चकती जवळजवळ नेहमीच हिरवी दिसते. खरं काय ते कापल्यावर कळतं.

शस्त्रक्रिया

गट पाच हवेत: रिकामी पोकळी, नुसती चकती, चकती आणि मूलपेशी, चकती आणि एंडोथेलियल पेशी, चकती आणि दोन्ही. पेशी असलेल्या तिन्ही गटांत एकूण संख्या तीच, दहा लाख. हे न पाळता दोन्हींच्या गटात वीस लाख पेशी घातल्या तर फायदा जोडीचा की संख्येचा, हे कुणालाच सांगता येणार नाही. प्राणी चिठ्ठ्या टाकून वाटा, आणि मोजणाऱ्याला गट कळू देऊ नका.

पोकळी कोरताना गार सलाइनची धार सतत हवी. हाड ४७ अंश सेल्सियसला एक मिनिट तापलं तरी कडेच्या पेशींना इजा होते, आणि रक्त याच कडेतून येणार असतं. शेवटचा पापुद्रा ड्रिलने न कोरता पातळ हत्याराने उचला, म्हणजे ड्युरा फाटत नाही. कवटीवरचं अस्थिआवरण सगळ्या प्राण्यांत सारखं काढा. वेदनाशामक शस्त्रक्रियेआधी आणि नंतरही वेळेवर द्या. प्राणी दुखण्यात असेल तर खात नाही, आणि न खाणाऱ्या प्राण्याचं हाडही भरत नाही. पण ते द्यायचं मुख्य कारण त्याचं दुखणं हेच आहे.

मोजमाप: सातवा दिवस चुकवू नका

बहुतेक जण आठ किंवा बारा आठवड्यांनी मायक्रो-सीटी (अतिबारीक त्रिमितीय एक्स-रे) काढतात आणि हाड किती आलं ते मोजतात. ते हवंच. पण जोडीचा फायदा कुठे होतो हे तिथे दिसत नाही. २०१० मध्ये फ्रँकफर्टच्या गटाने रॅटच्या मांडीच्या हाडात मूलपेशी आणि एंडोथेलियल पूर्वजपेशी ट्रायकॅल्शियम फॉस्फेटच्या दाण्यांवर एकत्र दिल्या, तेव्हा रक्तवाहिन्यांमधला फरक पहिल्याच आठवड्यात दिसला आणि हाडातला आठव्या आठवड्याला. म्हणून काही प्राणी सातव्या आणि चौदाव्या दिवसासाठी सुरुवातीलाच राखून ठेवा.

सातव्या दिवशी नुसत्या नळ्या मोजू नका. रक्त वाहणाऱ्या नळ्या मोजा. प्राण्याला शेवटच्या भुलेत शेपटीच्या शिरेतून चमकणारं लेक्टिन द्या. ज्या वाहिन्यांत रक्त पोहोचतं त्याच चमकतात. आत लाल पेशी दिसल्या तरी चालेल. माणसाच्या सीडी-३१ चं प्रतिपिंड वापरत असाल तर आधी ते रॅटच्या साध्या ऊतीवर तपासा. तिथेही रंगलं तर तुमची 'माणसाची वाहिनी' खोटी आहे.

मायक्रो-सीटीत ट्रायकॅल्शियम फॉस्फेट आणि नवं हाड यांची घनता इतकी जवळ येते की सीमारेषा कुठे ओढायची हा तुमचा निर्णय ठरतो. ती सगळ्या प्राण्यांसाठी एकच ठेवा आणि खनिज न काढलेल्या कापांशी पडताळा. दोन वेगळ्या तारखांना कॅल्सीन आणि झायलेनॉल ऑरेंज टोचलं तर नव्या हाडात हिरवी आणि केशरी रेघ उमटते. दोन रेघांमधलं अंतर म्हणजे तेवढ्या दिवसांत घडलेलं हाड.

आपण दिलेल्या पेशी शोधायला गेलात तर निराश व्हाल, कारण काही आठवड्यांत त्यातल्या थोड्याच उरतात. याचा अर्थ प्रयोग फसला असा नाही. त्यांनी सुरुवातीला रक्त आणलं आणि यजमानाच्या पेशी बोलावल्या असतील, तर हाड घडवण्याचं काम पुढे यजमानाने केलं. माझं मत याच बाजूला झुकतं.

रुग्ण आणि त्यांच्या घरच्यांसाठी

आज मोठ्या तुटीसाठी जे उपाय हाताशी आहेत ते असे: कंबरेतलं स्वतःचं हाड, रक्तवाहिनीसकट फिब्युला, इलिझारोव्ह पद्धतीने दिवसाला सुमारे एक मिलिमीटर हाड सरकवणं, आणि मास्केलेची पद्धत, जिच्यात आधी सिमेंटचा तुकडा बसवतात, सहा ते आठ आठवड्यांत त्याभोवती रक्ताने समृद्ध पडदा तयार होतो, मग सिमेंट काढून त्या पडद्याच्या पिशवीत हाड भरतात. पेशींच्या बाबतीत माणसांमधला अनुभव मुख्यतः मज्जेचा आहे. २००५ मध्ये एर्निगू आणि सहकाऱ्यांनी नडगीच्या ६० न जुळलेल्या, संसर्ग नसलेल्या अस्थिभंगांत घट्ट केलेली मज्जा टोचली, ५३ जुळले. न जुळलेल्या सातांत मज्जेतल्या पूर्वजपेशी कमी होत्या. कल्चर केलेल्या दोन पेशींची जोडी मात्र नेहमीचा उपचार नाही.

त्यामुळे कुणी 'स्टेम सेलचं इंजेक्शन' पैसे घेऊन देत असेल, तर विचारा: ही नोंदणीकृत चाचणी आहे का? पेशी कुठल्या, किती, आणि कोणत्या तपासण्या करून देणार? काही बिघडलं तर जबाबदारी कुणाची? उत्तरं लेखी मागा. आणि त्या जागी संसर्ग चालू असेल किंवा कर्करोगाची गाठ काढलेली असेल, तर रक्तवाहिन्या वाढवणारा कुठलाही उपाय धोक्याचा ठरू शकतो. हे डॉक्टरांना आधीच सांगा.

तारखा उलट्या मोजा

प्रयोगशाळेतल्या वाचकांसाठी शेवटची गोष्ट वेळापत्रकाची. दोन पेशी दोन वेगळ्या वेगाने वाढतात आणि शस्त्रक्रियेच्या दिवशी दोन्ही तयार हव्यात, म्हणून कॅलेंडर शस्त्रक्रियेपासून मागे भरत जा. सात दिवस आधी पेरणी. त्याच्या आदल्या रात्री चकत्या भिजवणं. चौदा-पंधरा दिवस आधी दोन्ही साठे वितळवणं. एंडोथेलियल पेशी मागे पडत असतील तर त्या दोन दिवस अगोदर. मायकोप्लाझ्माचा निकाल पेरणीपूर्वी हातात. रक्तातून पेशी नव्याने काढायच्या असतील तर दीड-दोन महिने आधी सुरुवात, आणि वसाहती आल्याच नाहीत तर शस्त्रक्रियेची तारीख पुढे ढकलायची तयारी.

गटांना लागतात त्यापेक्षा दोन चकत्या जास्त पेरा. शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी त्यातली एक मधोमध कापा, रंग द्या आणि भिंगाखाली धरा. मध्यभाग लाल दिसला तर त्या दिवशी प्राण्याला भूल देऊ नका.